मावशींनी मान वळवावी म्हणून

आमच्या काकांना गप्प बसवू शकेल असा एकच जीव परमेश्वराने ऑन्टारिओत धाडला होता, आणि काकांचं लग्न नेमकं त्याच्याशीच झालेलं होतं. एरवी हा माणूस कोणाशीही बोलायचा. नात्याने ते माझे मावससासरे, म्हणजे बायकोच्या मावशीचे यजमान. पण त्या शब्दाने हाक मारायची तर हाक संपेपर्यंत माणूस पुढच्या खोलीत गेलेला असतो, म्हणून आम्ही दोघंही त्यांना काकाच म्हणायचो. तरुणपणी ते विंडसरला उतरले, गाड्यांच्या कारखान्यात लागले, पुढे केंब्रिजला आले आणि तिथल्या कारखान्यातून क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून रिटायर झाले. रिटायर नोकरीतून झाले, तपासणीतून नाही. मी वॉटर्लूहून त्यांच्याकडे गेलो की ड्राइव्हवेवर आधी माझ्या गाडीचं स्वागत व्हायचं आणि मग माझं. चारही दरवाज्यांच्या फटींतून अंगठ्याचं नख फिरायचं, दार आपटून कान लावला जायचा, टायरच्या खाचेत क्वार्टरचं नाणं घालून पाहिलं जायचं. "जावईबापू, मागचा डावा दरवाजा कोणीतरी काढून परत बसवलाय. ॲक्सिडेंटची गाडी घेतलीत का?" ही गोष्ट विकणाऱ्याने मला सांगितली नव्हती, आणि नंतर मी बायकोला सांगितली नाही.

दुसरा नाद शब्दांचा. कुठल्याही भाषेतले पंचवीस-तीस शब्द त्यांना पुरत, आणि ते असे काही फिरवून वापरत की समोरच्याला वाटावं, या गृहस्थांनी आपल्याच गावात बालपण काढलंय. केंब्रिजमध्ये त्यांचा न्हावी पोर्तुगीज होता, अटलांटिकमधल्या कुठल्याशा बेटावरून आलेला. एकदा मी केस कापायला त्याच्या खुर्चीत बसलेलो असताना काका आले आणि त्यांनी त्याच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी पोर्तुगीजमधून केली. न्हाव्याचे डोळे भरून आले. त्याने कात्री ठेवली, आतून फोटोंचा डबा आणला, आईचे, घराचे, गाईचे फोटो दाखवले आणि काकांना कॉफी पाजली. मी अर्ध्या डोक्याचे केस कापलेले, अर्ध्याचे नाहीत, अशा अवस्थेत तो कौटुंबिक सोहळा आरशातून पाहत होतो. निघताना काका मला म्हणाले, "माणूस भाषेत राहतो बघा. घरात फक्त सामान राहतं."

असं बोलणारा माणूस स्वतःच्या घरात मात्र सामानासारखा राहायचा. मावशी पुण्याच्या, लग्नाआधी शाळेत मराठी शिकवणाऱ्या, सरळ आणि स्वच्छ बोलणाऱ्या. काका आंबोलीच्या घाटाखालच्या एका खेड्यातले. पण मी त्यांच्या तोंडून मालवणीचा शब्द कधी ऐकला नव्हता. मावशींसमोर ते छापील मराठी बोलत, आणि तेही तारेसारखं, मोजून. दिवाणखान्याच्या दारात उभं राहायचं आणि विचारायचं, "औषध झालं? हीटिंग ठीक? टायर बदलून आणले." आतून "हो," "ठीक," "बरं" अशी उत्तरं यायची, की तपासणी संपली. मी बायकोला एकदा विचारलं, ही दोघं भांडतात तरी का गं? ती म्हणाली, "भांडायला वाक्यं लागतात." आणि तरी त्या घरात कधी कडवटपणा जाणवला नाही. मावशी काकांचा डबा, मफलर, रक्तदाबाची गोळी सगळं न चुकता हातात देत. काका हिवाळ्यात पहाटेच उठून त्यांच्या गाडीवरचा बर्फ काढून ठेवत. दोघांनी एकमेकांची उत्तम सर्व्हिसिंग केली होती, इतकंच म्हणता येईल.

किचनर-वॉटर्लूचे रस्ते एलआरटीसाठी, म्हणजे ट्रॅमच्या रुळांसाठी, खणून ठेवले होते त्या काळात, फॉलमध्ये मावशींना स्ट्रोक आला. जीव वाचला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. ऐकू यायचं, कळायचं, पण शब्द यायचा नाही. फॅमिली रूममध्ये पलंग लावला, आणि मावशींनी जे तोंड खिडकीकडे केलं ते केलंच. मागच्या अंगणातल्या निष्पर्ण मेपलकडे त्या दिवसभर बघत राहायच्या. काका दारात येऊन विचारायचे, "काय, ओके? पाणी? दुखतंय?" मावशी डोळे मिटून घ्यायच्या. डॉक्टर म्हणाले, धीर धरा. व्हँकूव्हरहून मुलगा फोनवर म्हणाला, "डॅड, गिव्ह हर टाइम." काकांनी आयुष्यभर सदोष गाडी लाइनवरून पुढे जाऊ दिली नव्हती, त्यांना धीर कसला धरता येतोय! त्यांना एकच हवं होतं. हिने एकदा मान वळवून आपल्याकडे बघावं. बोलली नाही तरी चालेल.

मग ग्लोरिया आली. मावशींचं सगळं करायला एजन्सीने पाठवलेली, पन्नाशीची, ठेंगणी, खणखणीत हसणारी बाई. फिलिपीन्सच्या उत्तरेकडच्या डोंगरांतली, जिथे भाताची खाचरं पायऱ्यांसारखी ढगांपर्यंत चढत जातात. गावी शाळामास्तरीण होती. ती मावशींच्या पलंगाशी स्टूल ओढून बसायची, तांदूळ निवडावेत तसं सावकाश काहीतरी सांगत राहायची, मध्येच थांबायची, पुन्हा सांगायची. आणि काय आश्चर्य, मावशी मान वळवून तिच्याकडे बघायच्या! काकांनी दारातून हे पाहिलं आणि त्यांची झोप उडाली. "कुठली भाषा ही?" त्यांनी विचारलं. "कंकनाय, सर. माझ्या आईची. इंग्लिश कामाला, टागालोग शाळेला. पण गप्पा मला हिच्यातच मारता येतात."

झालं, काकांना निदान सापडलं. त्यांचं म्हणणं असं की स्ट्रोकमध्ये हिच्या डोक्यातली मराठीची आणि इंग्रजीची वायरिंग जळाली आहे, पण ही डोंगरातली भाषा वेगळ्याच वायरीवरून आत जाते आहे. डॉक्टरांनी हे ऐकून घेतलं आणि खूप सभ्यपणे दुसरा विषय काढला. काका त्याच दिवशी बेसमेंटमध्ये पांढरा बोर्ड घेऊन बसले. मी गेलो तेव्हा बोर्डवर पाण्याचे चार शब्द होते. "हे बघा जावईबापू. कंकनायमध्ये दानोम. शेजारच्या खोऱ्यात बोंतोक बोलतात, तिथे चेनोम. पलीकडे इफुगाव, तिथे दानुम. खाली इबालोय, तिथे परत चानोम. द चा च होतोय, पण रेग्युलर! एकाच प्लॅटफॉर्मवरची चार मॉडेलं आहेत ही. चॅसी तीच, ट्रिम वेगळी." मला जे कळलं ते एवढंच की काका खूश आहेत. त्यांना सर्वांत आनंद झाला तो आपण आणि आम्ही यांतला फरक त्या डोंगरांतही पाळतात हे कळल्यावर. "इंग्लिशला एवढं साम्राज्य करूनही जमलं नाही ते," असं ते मराठी मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायकांच्या घोळक्यात शिरून सांगत होते. तिळगूळ हातात धरून बायका बिचाऱ्या ऐकत होत्या. मुलाने व्हँकूव्हरहून मला फोन केला, "इज डॅड ओके? ही सेंट मी अ चार्ट."

पुरेसं कंकनाय पदरात पडल्यावर काकांनी दाढी केली, स्वेटर बदलला, दारात उभे राहिले आणि आजचा दिवस चांगला आहे, पाणी हवं का, औषध झालं का, हे सगळं त्या भाषेत विचारलं. ग्लोरियाने मान डोलावली, उच्चार बरोबर होते. मावशींनी डोळे मिटून घेतले. दुसरा कोणी असता तर खचला असता. काकांनी फक्त एवढंच ठरवलं की मॉडेल चुकलं असेल, दुसरं लावून बघू. त्यांनी ग्लोरियाला विचारलं, तुझ्या ओळखीत बाकीच्या तीन खोऱ्यांमधलं कोणी आहे का? असायला काय, किचनर-ग्वेल्फकडच्या कितीतरी घरांत आजी-आजोबांची कामं याच बायका करत होत्या, आणि रविवारी त्यांना सुट्टी असायची. पुढच्या रविवारपासून काकांच्या घरात डोंगर भरू लागला. बोंतोकवाली ॲग्नेस, एक इफुगाववाली, एक इबालोयवाली. एकमेकींशी बोलताना कोणी तिसऱ्याच भाषेत जायची, कोणी आपल्याच भाषेत रेटायची, आणि सगळ्यांना सगळं समजत असे.

जेवणाचा प्रश्न होता. मावशींचं स्वयंपाकघर शुद्ध शाकाहारी. त्यात अंडंसुद्धा कधी फुटलं नव्हतं. काकांनी लग्न झाल्यापासून मासे सोडले होते, आणि सोडले होते म्हणजे नावही काढत नसत. त्यामुळे या बायकांचं रांधणं गॅरेजमध्ये चालायचं. उणे पंधरा तापमानात गॅरेजचं शटर वर करून बार्बेक्यूवर सुके मासे भाजले जात आणि सगळ्या हिवाळी कोट घालून, हातमोजे काढून जेवत. "मांगान ताको," ॲग्नेस ओरडायची, म्हणजे चला, आपण जेवू या. त्यातला आपण काकांनाही धरून होता, हे काकांनी मला पुन्हा पुन्हा समजावलं. पहिल्या रविवारी त्यांनी नुसता भात घेतला. दुसऱ्या रविवारी मी गॅरेजमध्ये शिरलो तर सत्तरी ओलांडलेला हा माणूस बर्फ शोव्हल करायच्या बुटांत, टोपी कपाळावर सरकवून, भाजलेल्या मासळीचा काटा चोखत उभा होता. मला बघून दचकले. मग म्हणाले, "ह्यां बरां आसा." ती मी ऐकलेली त्यांची पहिली मालवणी. त्यांनाही ती ऐकून आश्चर्य वाटलं असावं, कारण त्यांनी लगेच घसा खाकरला आणि मला विंटर टायरमधल्या हवेबद्दल विचारलं.

मग काकांनी रीतसर चाचणी ठेवली. मला साक्षीदार म्हणून बोलावलं. पद्धत कारखान्यातली, बाद करत जाण्याची. एका वेळी एकच भाग बदलायचा, बाकी सगळं तेच ठेवायचं. प्रत्येकीने स्टुलावर बसून आपापल्या भाषेत एकच गोष्ट सांगायची, की बाहेर बर्फ पडतोय आणि शेजाऱ्यांचं कुत्रं आपल्या अंगणात आलंय. काका नेहमीसारखे दारात, हाताची घडी घालून. ॲग्नेसने बोंतोकमध्ये सांगितलं, मावशींनी मान वळवली. इफुगाववालीने सांगितलं, वळवली. इबालोयवालीला सांगता सांगता हसू फुटलं, मावशींचाही अर्धा ओठ हलला. काकांचा चेहरा उजळला, चारही मॉडेलं पास! पण इन्स्पेक्टरच तो, त्याला खात्री करून घ्यायची होती. म्हणाले, आता इंग्लिश. ग्लोरियाने इंग्लिशमध्ये सांगितलं. मावशींनी मान वळवली. काकांच्या कपाळाला आठी पडली. "मराठी. जावईबापू, तुम्ही बसा." मी बसलो आणि माझ्या नागपुरी मराठीत सांगितलं, "मावशी, शेजारचं कुत्रं आपल्या अंगणात लोळून राह्यलंय ना." मावशींनी माझ्याकडे बघितलं, चांगलं टक लावून, आणि त्यांच्या डोळ्यांत माझी भाषा सुधारावीशी वाटण्याची ती जुनी चमक होती.

म्हणजे मराठीची वायर शाबूत होती. शेवटी काका दारातून म्हणाले, "बाहेर बर्फ पडतोय. शेजाऱ्यांचं कुत्रं अंगणात आलंय." मावशींनी डोळे मिटले.

ग्लोरिया खरं तर रागावली होती. "इनफ, काका. मॅम मावशी इज टायर्ड," असं म्हणून तिने उशी सारखी करायला घेतली. बाकीच्या जणी एकमेकींकडे न बघता गॅरेजकडे निघाल्या. काका बेसमेंटमध्ये उतरले. मी मागोमाग गेलो तेव्हा ते फडकं घेऊन बोर्ड पुसत होते, दानोम, चेनोम, सगळं. "भाषा बाद झाली," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "उच्चार बाद झाले. कान बाद झाले, डोकं बाद झालं. एकच पार्ट उरला. मी." मी म्हणालो, काका, तसं नसतं हो. ते म्हणाले, "तसंच असतं. तीस वर्षं दुसऱ्यांच्या लाइनवर मी हेच सिद्ध करून दाखवत आलोय."

मग ते खालच्या जुन्या सोफ्यावर बसले आणि कारखान्यात बिघाडाचं मूळ शोधताना करत तसं स्वतःलाच का, का विचारत गेले. ही माझ्याकडे का बघत नाही? कारण मी बोलतच नाही, तपासतो. का तपासतो? कारण विचारून निघून जाता येतं. निघून का जायचं? इथे ते हातातलं फडकं उलटसुलट करत राहिले. मग सांगितलं. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला पुण्याला सासरी पंगतीत ते आपल्या गावच्या बोलीत काहीतरी बोलले आणि सगळी पंगत हसली. वाईट मनाने नव्हे, मजेने. नवी नवरीही हसली. "तेव्हा ठरवलं, हिच्यासमोर चुकेल असं बोलायचंच नाही. म्हणून लहान लहान वाक्यं. लहान वाक्यात चूक होत नाही. मग तीच सवय झाली. हिने माझं बोलणं ऐकलंच नाही जावईबापू, फक्त इन्स्पेक्शन रिपोर्ट ऐकले." त्यांच्या हातातलं फडकं काळं झालं होतं. मला त्यांच्याइतका हुशार माणूस माहीत नव्हता, आणि त्या क्षणी मला त्यांच्याइतकी दया कोणाची आली नव्हती. वरून ॲग्नेस जेवायला हाक मारत होती.

पुढचे काही दिवस मी गेलो नाही. बर्फाचं वादळ होऊन गेलं, तेव्हा बायको म्हणाली, काकांचा ड्राइव्हवे कोण साफ करणार, जा. तिथे पोचलो तर कोणी गाडी तपासायला बाहेर आलं नाही. मी दार उघडून आत गेलो, बूट काढले, आणि फॅमिली रूममधून एक आवाज ऐकला. मला वाटलं, कोणी पाहुणे आलेत. आवाज खालच्या पट्टीतला, सैल, लांबलचक वाक्यांचा. "माजो भाव व्हाळात उतरलो, आणि कुर्लेन तेचो आंगठो धरल्यान. मगे काय झालां, ठावक आसा तुका?" आणि मग आवाज थांबला. खरोखर थांबला. काका स्टुलावर बसले होते, पाठ माझ्याकडे, पुढे वाकलेले, आणि उत्तराची वाट बघत होते. मावशींची मान खिडकीपासून पूर्ण वळलेली होती. त्या त्यांच्याकडे बघत होत्या, आणि तोंडाची जी एक बाजू त्यांच्या ताब्यात होती तिने हसत होत्या. पंगतीतलं हसू कसं होतं मला माहीत नाही. हे तसं नसावं, कारण काका पुढे सांगू लागले. मी बूट पुन्हा चढवले आणि फावडं घेऊन बाहेर गेलो. ड्राइव्हवे दोनदा साफ केला.

तो हिवाळा सरेपर्यंत हे चाललं. त्या व्हाळातल्या कुर्ल्यो, म्हणजे ओढ्यातले खेकडे, आंबोलीच्या घाटात बंद पडलेली एसटी, आईने उन्हात घातलेलं सुकट आणि त्यावर टपलेला कावळा, विंडसरच्या पहिल्या हिवाळ्यात भीतीने रडू आलं ती संध्याकाळ. सगळं, ज्याच्यात त्यांना चुका करता येतात त्या भाषेत. मावशी शेवटपर्यंत एक शब्दही बोलल्या नाहीत. मेपलला पालवी फुटायच्या आधी गेल्या. अंत्यसंस्काराच्या दिवशी त्या चौघी डोंगरवाल्या रांगेत पहिल्या उभ्या होत्या, आणि त्यांच्याकडच्या रिवाजाप्रमाणे प्रत्येकीने मावशींशी थेट बोलून निरोप घेतला, जणू त्या ऐकतच आहेत. काकांना कोणी विचारलं, तुम्ही काही बोलणार का? ते म्हणाले, "माझं बोलून झालंय." आणि मग मान हलवून म्हणाले, "नाही, झालं कुठे."

ग्लोरिया आता कॅलगरीला बहिणीकडे असते. तिचा फोन आला की काका कंकनायमध्ये बोलतात, पण नवी भाषा त्यांनी पुन्हा घेतली नाही. गाड्या अजून तपासतात, तरी पूर्वीइतक्या मन लावून नाही. बोलतात सगळ्यांशी, अगदी पूर्वीसारखे. आणि तरी मला विचाराल तर ज्या एका भाषेत ते सगळ्यात गोड बोलतात ती ऐकायला आता त्यांच्या घरात कोणी नाही, आणि हे मला त्यांच्या एकटेपणापेक्षाही जास्त लागतं. म्हणून मी रविवारी दुपारी केंब्रिजला जातो, चहा करतो, त्यांच्यासमोर बसतो आणि माझ्या नागपुरी जिभेने मालवणीत विचारतो, "काका, आज काय काय झालां?" आधी ते पोटभर हसतात. मग हळूहळू हसणं थांबतं, आणि ते कुठून सुरुवात करावी याचा विचार करत खिडकीबाहेर बघतात. उत्तर यायला वेळ लागतो. मी बसून राहतो.